दहा कुप्या म्हणजे एक माणूस

(पावसाळ्याआधीच्या पाड्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलले तसंच बरंचसं उतरवून काढलं आहे.)



दाव्यांचं बोलणं आत्ताच संपलं आणि मागची माणसं उठायच्या बेतात आहेत, ते मला दिसतंय. थोडं थांबा. संघटनेनं मला 'पावसाळा आणि आरोग्य' असा विषय दिलाय. जुलाब, मलेरिया, कावीळ सगळंच त्यात येतं. पण मी आज एकाच औषधावर बोलणार आहे. सापाच्या इंजेक्शनवर. दुसऱ्या औषधाला एक दिवस उशीर झाला तर माणूस आणखी एक दिवस अंथरुणात पडून राहतो. या औषधाला दोन तास उशीर झाला तर आपण लाकडं गोळा करतो.

कोणी म्हणेल, जमिनीच्या बैठकीत सापाचं काय काढलं? मला विचाराल तर हे जमिनीचंच बोलणं आहे. दावे टाकले तेव्हापासून आपण प्लॉटवर झोपड्या बांधून राहतोय. कब्जा दिसावा म्हणून. रात्री कोणी येऊन रोपं उपटू नयेत म्हणून. त्या झोपडीत ना बाज, ना दिवा. खाली गोणपाट टाकायचं आणि पडायचं. शेजारी पेंढा, पेंढ्यात उंदीर, उंदरामागं साप. आणि माणूस मेल्यावर काय? शेतकऱ्यांच्या सरकारी अपघात योजनेत साप चावणं धरलेलं आहे, पण त्याला सातबारा लागतो. सातबारा असता तर आपण त्या झोपडीत झोपलो असतो का?

आता जे सांगायचंय ते सांगायला मला जड जातंय. इथं बसलेल्या काही जणांना ते आवडणार पण नाही. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही.

गेल्या वर्षी आवणीच्या दिवसांत शेजारच्या पाड्यातल्या एका पोराला बांधावर साप चावला. पोरांनी साप मारला, पिशवीत घातला आणि पोराबरोबर दवाखान्यात आणला. त्याच्या आधी महिनाभर असं झालं होतं की एका माणसाला 'इंजेक्शन नाही' म्हणून तिथनं परत पाठवलं आणि तो वाटेत गेला. म्हणून आपली माणसं तापलेली होती. चाळीस-पन्नास जण जमलो. डॉक्टर नवा, वयानं माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा असेल. त्यानं पोराला तपासलं, पिशवीतला साप बघितला आणि म्हणाला, ही धामण आहे, हिला विष नसतं, पोराला मी उद्यापर्यंत इथंच ठेवून घेतो, लक्षण दिसलं तर लगेच इंजेक्शन देतो. आपण काय म्हणालो? "आदिवासी आहे म्हणून देत नाय. देतो का नाय ते बोल." ओरडणाऱ्यांत सगळ्यांत पुढं मी होते. 'इंजेक्शन आमच्या हक्काचं' ही घोषणा मीच दिली. टेबलावर हात आपटणारे पण आपलेच. शेवटी त्यानं दहा कुप्या काढल्या आणि सलाईनमधून दिल्या. पोराच्या अंगावर गांधी उठल्या, थंडी भरली, पण निभावलं. तिसऱ्या दिवशी पोर घरी आलं. आपण या पत्रकात बातमी छापली, 'संघटनेच्या दणक्याने आदिवासी युवकाचे प्राण वाचले.' ती बातमी मीच लिहिली होती.

त्यानंतर चौथ्या रात्री माझी काकू प्लॉटवरच्या झोपडीत झोपली होती. पहाटे तिला पोटात दुखायला लागलं. उलटी झाली. काकाला वाटलं, रात्रीची भाजी बाधली. अंगावर कुठं सूज नाही, दाताची खूण नाही. उजाडायच्या आत ती बोलायला लागली तर बोबडं यायला लागलं आणि डोळ्याच्या पापण्या उचलेनात. मग लोकांना कळलं. झोळीत घालून सडकेपर्यंत आणली, तिथनं जीप. तोच दवाखाना, तोच डॉक्टर. त्यानं कपाट उघडून दाखवलं. तीन कुप्या. त्या त्यानं दिल्या, पण तेवढ्यानं काय होणार. मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाला. अडीच तासांचा रस्ता. अर्ध्या रस्त्यात तिचा श्वास थांबला. मी तिच्या पायाशी बसले होते. जीपमध्ये श्वास द्यायला काही नव्हतं आणि असतं तरी कोणाला येत होतं?

मागनं आपण माहितीच्या अधिकारात दवाखान्याचं औषधाचं रजिस्टर मागितलं. त्या आठवड्याच्या सुरुवातीला कपाटात तेरा कुप्या होत्या. तेरातल्या दहा धामणीला गेल्या. उरल्या तीन.

म्हणजे काकू आपल्यामुळं मेली का? मी हे खूप वेळा मनात मोजलंय. दोष सगळा आपला नाही. आवणीच्या दिवसांत, एवढ्या पाड्यांच्या मधल्या दवाखान्यात तेराच कुप्या का होत्या, हा पहिला प्रश्न आहे. डॉक्टरनं जूनमध्येच जास्त कुप्या मागितल्या होत्या, ते पत्र आपल्याला कागदात सापडलं. त्याला उत्तर आलेलं नव्हतं. आणि शेजारच्या तालुक्यातल्या एका दवाखान्यात त्याच दिवशी चाळीस कुप्या पडून होत्या. तिथं त्या पावसात सापाचा एकही पेशंट आला नव्हता. पुढं मुदत संपून त्यातल्या बऱ्याच फेकल्या. म्हणजे औषध होतं, पण जिथं काकू होती तिथं नव्हतं. हे सगळं मी जनसुनवाईत बोलले आणि परत बोलेन. पण टेबलावर हात आपटलेला आपण, तेवढा वाटा आपला आहे. तो मी दुसऱ्याच्या नावावर टाकू शकत नाही.

म्हणून हे औषध काय आहे ते नीट समजून घ्या. आपण त्याला सापाची लस म्हणतो. ती लस नाही. लस आजाराच्या आधी देतात, हे विष भिनायला लागल्यावर देतात. बनवतात कसं? घोड्याला सापाच्या विषाचा अगदी बारीक डोस देतात, मग थोडा वाढवून, मग आणखी वाढवून. घोड्याचं रक्त त्या विषाशी लढायला शिकतं. मग घोड्याचं थोडं रक्त काढून त्यातला लढणारा भाग वेगळा करतात, साफ करतात, कुपीत भरतात. याला महिने लागतात. मुंबईत परळला हाफकिन आहे, त्यांनी हे औषध कित्येक वर्षं बनवलंय. आणखी थोडे कारखाने आहेत. पावसाळा लागला आणि औषध कमी पडलं म्हणून आठ दिवसांत बनवून आणू, असं यात होत नाही.

आणि घोड्याला द्यायचं विष कुठनं येतं? देशातलं बरंचसं विष तामिळनाडूतले इरुला लोक काढून देतात. ते पण आपल्यासारखे आदिवासी. साप पकडायचे, कातडी विकायची, त्यावर त्यांचं पोट होतं. १९७२ साली वन्यजीवांचा कायदा आला आणि मग कातडीचा धंदा बंद झाला. म्हणजे जंगलावर जगणाऱ्याला कायद्यानं एका रात्रीत गुन्हेगार ठरवलं, ही गोष्ट आपल्याला कोणी नव्यानं सांगायला नको. पण त्यांनी १९७८ साली आपली सहकारी सोसायटी काढली. परवान्यानं साप पकडतात, थोडे दिवस मडक्यात ठेवून तीन-चार वेळा विष काढतात आणि परत जंगलात सोडतात. तेच विष कारखान्यांना जातं. तेव्हा कुपी हातात घेतली की एवढं ध्यानात ठेवा, तिची सुरुवात एका आदिवासीच्या हातानं झालेली आहे. शेवटाला ती आदिवासीच्या पाड्यापर्यंत पोचत नसेल तर ते मधल्यांचं काम आहे.

आपल्याकडची कुपी चार सापांवर चालते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चारही विषं एकाच औषधात धरलेली असतात, त्यामुळं कोणता साप चावला हे शोधत बसायची गरज नाही. साप मारून पिशवीतनं नेण्याची तर बिलकूल नाही. मारताना दुसरा एक चावून घेतो, तसं घडलंय. अंधारात कवड्या साप मण्यारीसारखा दिसतो, डुरक्या घोणशीसारखा दिसतो, भले भले फसतात. डॉक्टरला साप नको, माणूस लवकर हवा.

आता मुद्द्याचं. एका माणसाला सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या लागतात. एक नाही, दोन नाही. मोठ्या माणसाला जेवढ्या, तेवढ्याच चार वर्षांच्या पोराला. कारण पोर लहान आहे म्हणून साप कमी विष सोडत नाही. तेव्हा दवाखान्यात कुप्या किती आहेत हे विचारताना कुप्या मोजू नका, माणसं मोजा. दहा कुप्या म्हणजे एक माणूस. वीस म्हणजे दोन. कपाटात सहा कुप्या आहेत असं कोणी सांगितलं तर समजायचं, तिथं अजून एक माणूस पण पुरा नाही. घोणशीचं विष जास्त भिनलं असेल तर सहा तासांनी परत तपासून आणखी कुप्या द्याव्या लागतात, ते वेगळंच.

कागदावरचा घोटाळा इथंच होतो. वरनं समजा वीस कुप्या आल्या आणि पाच दवाखाने आहेत, तर वरचे साहेब चार-चार वाटून मोकळे होतात. सगळ्यांना समान मिळालं, कोणाची तक्रार नाही. पण आता कोणत्याच दवाखान्यात एक पण माणूस वाचत नाही. शिकारीचा वाटा आपण घराघराला सारखा करतो, ती आपली रीत आहे आणि चांगली रीत आहे. मटणाचा बारका तुकडा मिळाला तरी तोंडाला चव येते. हे औषध तसं वाटलं की कोणाच्याच कामाचं राहत नाही. ते दहा-दहाच्या गठ्ठ्यानंच ठेवायला हवं, आणि जिथं साप जास्त चावतात आणि रस्ता लांबचा आहे तिथं आधी. शहराजवळच्या दवाखान्याला दुसरीकडनं तासाभरात आणता येईल. आपल्याला नाही येत.

आता आपल्या बाजूचं. साप चावला म्हणजे इंजेक्शन हवंच, हे डोक्यातनं काढा. कित्येक साप बिनविषारी असतात. विषारी साप पण चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. डॉक्टर कशावरनं ठरवतो? डोळ्यावर. पापण्या खाली पडतायत का, एकाचे दोन दिसतायत का, थुंकी गिळता येते का, आवाज बदललाय का, श्वास उथळ झालाय का. हे नाग-मण्यारीचं. दुसरं रक्तावर. नव्या कोऱ्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी तिरकी करून बघायची. रक्ताची गुठळी झाली तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर घोणशीचं किंवा फुरशाचं विष भिनलंय, इंजेक्शन लगेच चालू करायचं. यासाठी मशीन लागत नाही, वीज लागत नाही, एक काचेची नळी आणि घड्याळ लागतं. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणानं धुतलेली पण चालत नाही. गुठळी झाली तरी ही तपासणी परत परत करायची असते आणि माणसाला चोवीस तास नजरेखाली ठेवायचं असतं.

तेव्हा डॉक्टर म्हणाला, थांबा, बघतो, तर तो टाळतोय असं लगेच धरू नका. त्याला विचारा, नळीची तपासणी केली का, परत किती वाजता करणार, रात्री इथं कोण राहणार. याची उत्तरं मिळाली तर बसून राहा. नाही मिळाली तर मग आहेच आपला आवाज. आणि हे औषध घोड्याच्या रक्ताचं आहे, काहींना ते सोसत नाही, एकदम दम लागतो, रक्तदाब पडतो. म्हणून ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन शेजारी भरून ठेवून मगच हे द्यायचं असतं. गरज नसताना घेतलं तर फुकट धोका. त्या पोराच्या अंगावर गांधी उठल्या त्या सापाच्या नव्हत्या, आपल्या हट्टाच्या होत्या.

एकाच वेळी दोघं आले आणि कुप्या एकाच्याच असल्या तर? असं घडू शकतं, आवणीत तर नक्की. तेव्हा ज्याचा श्वास, पापण्या, रक्त बिघडलंय तो आधी. आधी आला तो आधी, असं नाही. सरपंचाचा पाहुणा आधी, असं तर नाहीच. आणि ज्याच्याबरोबर माणसं जास्त तो आधी, हे पण नाही. हे शेवटचं मी आपल्यासाठी बोलतेय. आपण संघटित आहोत. पलीकडच्या कातकरी वाडीतनं एक बाई एकटी नवऱ्याला घेऊन आली आणि आपण पन्नास जण आपल्या माणसासाठी ओरडत असलो, तर त्या दिवशी आपण तिच्यासाठी सावकारासारखेच.

विंचवाचं मात्र वेगळं आहे, तेवढं जाता जाता सांगते. रायगडमध्ये महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिंमतराव बावस्कर होते. लाल विंचवानं कोकणात माणसं पटापट जायची, पोरं तर फार. त्यांनी प्राझोसिन नावाची ब्लडप्रेशरची गोळी वापरून दाखवली आणि माणसं वाचायला लागली. गोळी स्वस्त, ठेवायला सोपी. तेव्हा ती आपल्या प्रत्येक दवाखान्यात असलीच पाहिजे, नसेल तर त्यात टंचाईचं काही कारण सांगता येणार नाही. सापाला अशी गोळी नाही. म्हणून एवढं सगळं.

आता रस्त्याचं. काकूच्या वेळी आपण काय केलं? आजारी माणसाला झोळीत घालून, मग जीपमध्ये, मग पुढच्या दवाखान्याकडं पळवलं. माणूस जड असतो, त्याला चार जण लागतात. दहा कुप्या केवढ्या? शबनम पिशवीत मावतात. मोटारसायकलवर एक पोर घेऊन येऊ शकतो. मग सगळा रस्ता माणसानंच का तोडायचा? झोळी पाड्यातनं निघाली त्याच वेळी जवळच्या दवाखान्याला फोन गेला, तिथं कुप्या कमी आहेत हे तेव्हाच कळलं, आणि कुप्या असलेल्या दवाखान्यातनं मोटारसायकल निघाली, तर झोळी सडकेला लागेपर्यंत औषध निम्म्या वाटेवर असेल. काकूच्या दिवशी फोन कधी झाला? दवाखान्यात पोचल्यावर. म्हणजे दोन तास आपण चालत होतो आणि औषध कपाटात झोपलं होतं.

यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, कोणत्या दवाखान्यात आज किती कुप्या आहेत हे सगळ्यांना माहीत असणं. जून ते ऑक्टोबर दवाखान्याच्या दारात फळा लावायचा आणि रोज सकाळी खडूनं आकडा लिहायचा, एवढी आपली मागणी आहे. यात काही खर्च नाही. लाज मात्र वाटेल, आणि वाटली तर बरंच आहे. दुसरी गोष्ट, एका दवाखान्यानं दुसऱ्याला कुप्या उसन्या देणं. आपण भाताचं बी उसनं घेतो, कोणाच्या सहीला थांबतो का? इथं वरची मंजुरी, मग चलन, मग गाडी. चिठ्ठीवर उसन्या द्या, कागद मागनं करा, असा लेखी आदेश तालुक्यानं काढावा, हे आपण मागितलंय. अजून आलेला नाही.

कुप्या दोन जातीच्या येतात. एक पातळ, तिला फ्रिज लागतो. दुसरी भुकटीची, ती फ्रिजशिवाय टिकते, देताना पाणी घालून हळूहळू विरघळवायची. आपल्याकडं लोडशेडिंग किती ते मी सांगायला नको. तेव्हा भुकटीचीच मागायची.

आणि पुढं पाठवायचंच असेल तर नुसती चिठ्ठी देऊन पाठवायचं नाही. सरकारची मार्गदर्शिका आहे की पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातच देता येतो, तो देऊन मग पाठवा. नाग-मण्यारीच्या माणसाबरोबर श्वास देणारी पिशवी आणि ती दाबणारं माणूस गाडीत बसलं पाहिजे. तिला अँबू बॅग म्हणतात. मण्यारीचं विष एकदा नसांत बसलं की इंजेक्शनानं पण लवकर सुटत नाही, पण श्वास चालू ठेवला तर माणूस हळूहळू परत येतो. मी ती पिशवी दाबायला शिकलेय. अवघड नाही. आणखी दहा जणांनी शिकावं, नर्सबाई शिकवायला तयार आहेत.

भगताबद्दल बोलते. इथं दोघं-तिघं बसलेत, मी तोंडावर बोलतेय. साप चावला की माणूस पहिल्यांदा तुमच्याकडं येतो. डॉक्टरकडं नाही, संघटनेकडं नाही. म्हणजे सगळ्यांत पहिला वेळ तुमच्या हातात आहे. तुमच्या देवावर माझं काही म्हणणं नाही. पण मंत्र गाडीत बसून म्हणा. माणसाबरोबर चला. घट्ट दोरी बांधू देऊ नका, चिरा मारू देऊ नका, चोखू देऊ नका. हातपाय मोडल्यावर बांधतो तशी काठी बांधा आणि चालवू नका, उचलून न्या. आपल्या मोठ्या पाड्यातल्या म्हाताऱ्या भगतानं तर मला सांगितलं, जीपवाल्याचा नंबर माझ्या खांबावर लिहून ठेव. मी खडूनं नाही, रंगानं लिहून आलेय. फोनची रेंज टेकडीवरच्या चिंचेपाशी मिळते, तेव्हा पळायला एक पोर पण ठरवून ठेवलंय.

पैशाचं. गावाच्या आरोग्य समितीच्या खात्यात सरकारचे पैसे येतात. त्यातनं अडल्या माणसाची गाडी करता येते. ते कुठं जातात हे ग्रामसभेत विचारा. जीपवाल्याला आधीच सांगून ठेवा की भाडं समिती देईल, म्हणजे तो रात्री दोनला पैशाची चौकशी करत उभा राहणार नाही.

रजिस्टरची नक्कल माहितीच्या अधिकारात मिळते. जिवाचा प्रश्न असला तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते, असं त्या २००५ च्या कायद्यातच आहे. दारिद्र्यरेषेखालच्याला फी नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यात २००७ साली लोकाधारित देखरेख सुरू झाली. म्हणजे दवाखान्यावर नजर ठेवायचा हक्क सरकारनंच लेखी दिलाय. जनसुनवाईत अधिकारी समोर बसतात. तिथं ओरडायला माझी ना नाही. पेशंटच्या खाटेपाशी मात्र नाही.

आणि रस्ता. वरच्या तीन पाड्यांना गाडी जात नाही, कारण मधला पट्टा फॉरेस्टचा आहे, मुरूम टाकू देत नाहीत. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. रस्ता, दवाखाना, शाळा, अंगणवाडी यासाठी एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि त्याला ग्रामसभेची शिफारस लागते. आपण प्लॉटचे दावे टाकले, या कलमाकडं बघितलंच नाही. झोळीचा तो रस्ता दीड तासाचा आहे. गाडी गेली तर वीस मिनिटांचा. तीन पाड्यांच्या ग्रामसभेचे ठराव मी लिहून आणलेत, अंगठे आणि सह्या आज इथंच करून द्या, म्हणजे परत सगळे जमायचं राहून जाणार नाही.

प्लॉटवर झोपणाऱ्यांनी बाज नाही तर निदान माच बांधा, गुडघ्याएवढा उंच झाला तरी चालेल. मलेरियावाल्यांनी दिलेल्या मच्छरदाण्या मासे धरायला नेऊ नका. हसू नका, मी बघितलंय. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचल्या तर मण्यार आत येत नाही. रात्री पोटात दुखलं आणि पापण्या जड झाल्या तर खूण शोधत बसू नका, निघा.

डॉक्टरची पण एक गोष्ट राहिली. मी नंतर त्याला भेटायला गेले. माफी असा शब्द मी वापरला नाही, मला जमलं नाही. मी म्हटलं, धामण होती. तो म्हणाला, हो. मग म्हणाला, मी पण घाबरायला नको होतं. त्यानं मला नळीची तपासणी दाखवली, स्वतःचंच रक्त काढून. वीस मिनिटं आम्ही दोघं त्या नळीकडं बघत बसलो होतो. त्याची बदली झाली, आता दुसरा आलाय.

बुधवारी बाजार आहे. बाजाराला जाणारे सगळे दवाखान्यावरनंच जातात. मी सकाळी नऊला तिथं असेन, फळा आणि खडू घेऊन. नवीन डॉक्टरला भेटायचं, कुप्या मोजायच्या, मुदत कधी संपते ते बघायचं आणि काचेच्या नळ्या आहेत का ते विचारायचं. पाचच जण आत जाऊ, बाकीचे बाहेर थांबतील. प्रत्येक पाड्यातनं एक बाई हवी. कोण येणार, नावं सांगा, मी लिहून घेते.